कॅथ लॅबच्या सिस्टरसाठी आधी काय घ्यावं: ऍप्रन, पडदा, चष्मा की टोपी?

नवी कॅथ लॅब, म्हणजे एक्स-रेखाली अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करायची खोली, उभी राहते तेव्हा रेडिएशनपासून बचावाच्या साहित्याची यादी कंपनीचा माणूस कार्डिऑलॉजिस्टसमोर बसून करतो. इन्चार्ज सिस्टरकडे ती येते ती इंडेंटवर (मागणीपत्रावर) सही करायला. त्यात 'लेड ऍप्रन, ६ नग' एवढंच लिहिलेलं असतं. माप कोणतं, पाठ झाकणारे की नुसते पुढचे, कोण घालणार, काही पत्ता नसतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कॅथ लॅब वाढल्या, तशा अशा याद्याही वाढल्या.

इंडेंट स्वतः लिहायची संधी ज्या सिस्टरला मिळते आहे, तिच्यासाठी हा आढावा. पैसे मोजकेच असणार, सगळं एकदम मिळणार नाही, म्हणून कशाच्या आधी काय, एवढाच प्रश्न.

माझं मत आधीच सांगून टाकते. डॉक्टर एका जागी, एका दिशेला तोंड करून उभे असतात. सिस्टर फिरती असते आणि अर्धा वेळ तिची पाठ पेशंटकडे असते. डॉक्टरांसाठी केलेली यादी सिस्टरला लावली की चुकीच्या वस्तूवर पैसे जातात.

आधी जागा, मग वस्तू

किरण एक्स-रे ट्यूबमधून निघून पेशंटवर पडतात आणि पेशंटच्या अंगातून चहूकडे उडतात. या उडालेल्या किरणांना, म्हणजे स्कॅटरला, आपण सामोरे जातो. ठोकताळा असा की पेशंटपासून १ मीटरवर पोचणारा डोस पेशंटच्या त्वचेवर पडणाऱ्या डोसच्या साधारण हजाराव्या भागाएवढा असतो. पेशंटपासून २ मीटरवर गेलात की तो चौथा हिस्सा उरतो, ३ मीटरवर नववा. डॉक्टरांनी किरण सोडायच्या पेडलवरून पाय उचलला की किरण त्याच क्षणी संपतात, खोलीत काही साठून राहत नाही. (केस झाल्यावर 'जरा वेळ दार उघडं ठेवा, रेडिएशन जाऊ दे' म्हणणारे अजून भेटतात. दार उघडं ठेवा, पण हवेसाठी.)

स्क्रब सिस्टर डॉक्टरांच्या शेजारी, टेबलाला खेटून असते. तिचा डोस कमी-अधिक डॉक्टरांच्या मागोमाग जातो, पण ती पायांच्या बाजूला सरकलेली असल्याने थोडा कमी. फ्लोअर सिस्टरचं गणित वेगळं. एरवी ती दोन-तीन मीटर लांब, स्टेंटच्या कपाटाशी किंवा मॉनिटरशी असते. तिथे तिला फारसं काही मिळत नाही. पण हेपॅरिन (रक्त गोठू नये म्हणून द्यायचं औषध) द्यायला, सलाइन बदलायला, पेशंटची कुरकुर ऐकायला ती थेट उशाशी जाते, आणि नेमकं तेव्हाच कोणी पेडल दाबलं तर दोन मिनिटांत तासाभराच्या लांब राहण्यावर पाणी पडतं.

त्यात सिने, म्हणजे जपून ठेवायचं चित्रण, असेल तर आणखी. नुसतं बघण्यापुरत्या साध्या फ्लुरोच्या मानाने सिनेचा डोस साधारण दहापट. म्हणून डॉक्टर 'शूट करतोय' म्हणाले की हातातलं काम सोडून दोन पावलं मागे, ही सवय कुठल्याही खरेदीपेक्षा मोठी.

ट्यूब टेबलाखाली असते, त्यामुळे स्कॅटर वरच्यापेक्षा खाली जास्त, मांड्या आणि पायांच्या उंचीला. सी-आर्म, म्हणजे ट्यूब आणि तिच्यासमोरचा किरण टिपणारा डिटेक्टर धरणारा कमानीसारखा हात, एलएओमध्ये (डाव्या तिरकस कोनात) कलला की डिटेक्टर पेशंटच्या डावीकडे जातो आणि ट्यूब उजवीकडे, म्हणजे डॉक्टर आणि स्क्रब सिस्टरच्या अंगावर येते. त्या वेळी पेशंटच्या डावीकडे उभी असलेली फ्लोअर सिस्टर तुलनेने सुखात. आरएओमध्ये (उजव्या तिरकस कोनात) उलट. ट्यूबची बाजू ती वाईट बाजू, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

ऍप्रन: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. तीन प्रकार बाजारात दिसतात.

| | नुसता पुढचा | गुंडाळून घ्यायचा एकसंध | स्कर्ट आणि जॅकेट |
|---|---|---|---|
| पाठ | उघडी | झाकलेली | झाकलेली |
| वजन कुठे | सगळं खांद्यांवर | खांद्यांवर, पट्टा आवळला तर थोडं कमरेवर | निम्मं-अधिक कमरेवर |
| घालायला | झटकन | बरं | वेळ लागतो |
| किंमत | सर्वात कमी | मधली | जास्त |
| कोणाला | पेशंटकडे तोंड करूनच थोडा वेळ आत येणाऱ्याला | क्वचित ड्युटी असलेल्या सिस्टरला | रोज लॅबमध्ये असणाऱ्या सिस्टरला |

नुसता पुढचा ऍप्रन स्वस्त पडतो म्हणून ढिगाने घेतला जातो, आणि तो नेमका फ्लोअर सिस्टरच्या वाट्याला येतो. कपाटातून बलून काढताना, रजिस्टरमध्ये लिहिताना, ड्रॉवरमधून औषध शोधताना तिची उघडी पाठ पेशंटकडे असते. आणखी एक गंमत अशी की तिचा डोस मोजणारा बॅज छातीवर, ऍप्रनच्या आत असतो. मागून आलेले किरण आधी तिच्या शरीरातून जातात, निम्मेशिम्मे तिथेच जिरतात, आणि बॅजवर कमी नोंद होते. म्हणजे डोस मिळालाही आणि कागदावर दिसलाही नाही. मला विचाराल तर कॅथ लॅबच्या सिस्टरसाठी पुढचा ऍप्रन इंडेंटमधून काढूनच टाका. तो वॉर्डातून पेशंट आणणाऱ्या मामांसाठी दारापाशी एखादा असू द्या.

आता जाडी. ऍप्रनवर ०.२५, ०.३५ किंवा ०.५ मिमी शिशाइतकं, असं लिहिलेलं असतं. नियमाने किमान ०.२५ लागतं. कॅथ लॅबमध्ये येणाऱ्या स्कॅटरपैकी ०.२५ मिमी साधारण ९० टक्क्यांहून जास्त अडवतं, ०.५ मिमी किलोव्होल्टप्रमाणे, म्हणजे किरणांच्या ताकदीप्रमाणे, ९५ ते ९९ टक्के. विक्रेता म्हणेल, 'मॅडम, पाच-सात टक्क्यांचाच फरक आहे.' दुसरा विक्रेता म्हणेल, 'आत शिरणारं रेडिएशन निम्म्याहून कमी होतं.' दोघंही खरंच बोलतात. फरक मोजायचा तो वजनाशी. एकसंध ०.५ चा ऍप्रन ५ ते ७ किलोचा भरतो. ते ओझं खांद्यावर घेऊन लागोपाठ पाच केसेस केल्या की पाठ बोलायला लागते. कॅथ लॅबमध्ये वर्षं काढलेल्यांची मान-कंबर दुखणं हे काही नाजूकपण नाही, त्याची वैद्यकीय नोंद जगभर झालेली आहे.

यातून चांगला मार्ग स्कर्ट-जॅकेटच काढतं. कापड सगळीकडे ०.२५ मिमीचं, पण पुढे दोन पदर एकावर एक येतात, त्यामुळे समोर ०.५ आणि मागे ०.२५. स्क्रब सिस्टरला समोर जास्त हवं, तिथे जास्त मिळतं; फ्लोअर सिस्टरला पाठ झाकून हवी, तीही मिळते. फक्त पदर खरंच पूर्ण एकावर एक यायला हवेत. बारीक सिस्टरने मोठं माप घातलं तर पदर जास्त येतात पण काखा गळतात. जाड सिस्टरने लहान घातलं तर पुढे मध्ये ०.२५ चीच पट्टी उरते. 'फ्री साइज' लिहिलेलं काहीही परत पाठवा.

काखेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यादीत हे कधीच नसतं. ऍप्रनचा आर्महोल मोठा असला की स्तनाचा बाहेरचा, काखेकडचा वरचा भाग उघडा पडतो. डॉक्टरांच्या शेजारी तिरकी उभी राहणारी, ट्रेवर वाकणारी, हात लांब करून वायर धरणारी स्क्रब सिस्टर तो भाग सरळ पेशंटकडे करून उभी असते. ऍप्रन घालून हात समोर पसरा आणि कोणाला तरी बाजूने बघायला सांगा. युनिफॉर्मचं कापड जेवढं दिसतं तेवढी जागा मोकळी. छोट्या बाह्या किंवा काखेत बसणारी जोडपट्टी यावर उपाय म्हणून मिळते. जास्तीची किंमत किरकोळ असते, पण ऑर्डर देतानाच मागावी लागते.

शिशाचा की लेड-फ्री? लेड-फ्री ऍप्रनमध्ये अँटिमनी, कथील, टंगस्टन, बिस्मथ अशा धातूंची मिश्रणं असतात. वजन साधारण पाचव्या ते पाव भागाने कमी. ऐकायला फारच छान, आणि मानेचं दुखणं असलेल्या सिस्टरसाठी खरोखर छान. पण लेबलवरचं '०.५ मिमी' कोणत्या किलोव्होल्टला मोजलंय ते विचारा. काही हलकी मिश्रणं एका ठरावीक किलोव्होल्टला शिशाच्या बरोबरीने दिसतात आणि त्याच्या खाली-वर मागे पडतात. शिवाय हलके धातू किरण अडवताना स्वतः थोडे दुय्यम किरण अंगाकडे सोडतात. मोजणीची पद्धत जुनी असेल तर ते हिशेबात येत नाहीत. म्हणून कोटेशनमध्ये 'आयईसी ६१३३१-१ प्रमाणे चाचणी अहवाल' असा शब्दशः उल्लेख मागा; हे अशा साहित्याच्या चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. अहवाल देत नाहीत तो ऍप्रन कितीही हलका असो, घेऊ नका. अहवाल आला आणि बजेट असेल तर रोजच्या सिस्टरसाठी लेड-फ्री, नाहीतर शिशाचं स्कर्ट-जॅकेट. दोन्हींत शिशाचं टिकायला वाईट आहे असं नाही, पण ते निकामी झाल्यावर भंगारवाल्याला किंवा बायोमेडिकलच्या पिवळ्या पिशवीत देता येत नाही, विक्रेता परत घेणार का हे आधीच लिहून घ्यावं.

पडदे: डॉक्टरांचा आणि आपला

छतावरून लोंबणारी शिशाच्या काचेची ढाल आणि टेबलाला खाली लटकवलेला शिशाचा पडदा, ही जोडी बहुतेक मशिनसोबत येते. टेबलाचा पडदा खालचा स्कॅटर अडवतो, म्हणून तो डॉक्टर आणि स्क्रब सिस्टर दोघांनाही कामाचा. छताची ढाल डॉक्टरांच्या डोळ्यांसाठी आणि मानेसाठी उत्तम. ती पेशंटच्या अंगाला जवळजवळ टेकवून, डॉक्टर आणि डिटेक्टरच्या मधोमध ठेवली तर. पुष्कळ लॅबमध्ये ती 'मध्ये येते' म्हणून भिंतीकडे वळवलेली असते. एका लॅबमध्ये मी तिच्यावर रेडिओचा अँटेना अडकवलेला पाहिला आहे.

स्क्रब सिस्टरला या ढालीची सावली मिळते का? ती डॉक्टरांच्या मागे, पायांकडे उभी असेल तर बरीचशी मिळते. ती पुढे वाकली की संपली. फ्लोअर सिस्टरला तर हिचा उपयोग जवळपास शून्य, कारण ती उशाशी किंवा पलीकडच्या बाजूला असते. तिच्यासाठी वेगळी वस्तू लागते: चाकांवरची ढाल. माणसाएवढी उंच, वरचा भाग पारदर्शक, खाली शिसं. हिच्या मागे उभं राहिलं की डोस जवळजवळ नाहीच. भूल देणारे डॉक्टर जिथे बसतात तिथे एक आणि फ्लोअर सिस्टरची लिहिण्याची जागा जिथे आहे तिथे एक, अशा दोन असाव्यात. खोली छोटी असेल तर एक. महाग आहे, पण ती कोणाच्या मापाची नसते, धुवावी लागत नाही, कोणाच्या पाठीवर नसते, आणि दहा वर्षं चालते. एखाद्या सिस्टरचं जास्तीचं ऍप्रन आणि चाकांची ढाल यांत निवड करायची वेळ आली तर मी ढाल घेईन.

पेशंटच्या अंगावर टाकायच्या डिस्पोजेबल निर्जंतुक चादरीही मिळतात, बिस्मथ वगैरे घातलेल्या. हाताचा डोस कमी होतो हे खरं. पण प्रत्येक केसला एक, आणि योजनेच्या पॅकेजमध्ये तो खर्च कुठे बसवणार? लांबलेल्या सीटीओ केसेससाठी (पूर्ण बंद झालेली रक्तवाहिनी उघडायच्या) ठेवा, रोजच्यासाठी नको.

या भागातली सगळ्यात स्वस्त गोष्ट स्टोअरमध्ये आधीच आहे आणि रेडिएशनच्या यादीत ती कोणी धरत नाही: लांब एक्स्टेंशन लाइन. आयव्हीला मीटरभराची एक्स्टेंशन लाइन जोडून तिचं थ्री-वे (औषध द्यायची तोटी) पेशंटच्या पायाकडे किंवा ढालीमागे आणलं की हेपॅरिन द्यायला उशाशी जावंच लागत नाही. केसच्या आधी दोन मिनिटं. एवढ्याशा कामाने फ्लोअर सिस्टरचा डोस जितका कमी होतो, तितका टोपी घालून होत नाही.

चष्मा, कॉलर, टोपी, हातमोजे

डोळ्यांचा प्रश्न खरा आहे. पूर्वी डोळ्याच्या भिंगासाठी वर्षाला १५० मिलिसिव्हर्टची (हे डोस मोजायचं एकक) मर्यादा सुरक्षित मानत. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने ती ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० वर आणण्याची शिफारस केली, कारण मोतीबिंदू आधी वाटत होतं त्यापेक्षा कमी डोसला होऊ लागतो असं दिसलं. २००९ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे कॅथ लॅबमधल्या लोकांचे डोळे तपासले, तेव्हा भिंगाच्या मागच्या बाजूला किरणांमुळे येतो तसा धूसरपणा कार्डिऑलॉजिस्टपैकी ३८ टक्क्यांना, नर्स आणि टेक्निशियनपैकी २१ टक्क्यांना आढळला; रेडिएशनशी संबंध नसलेल्यांत तो १२ टक्क्यांना होता. नर्सेसचा आकडा वाचून मीही थबकले होते.

तरी लेड ग्लासेस सगळ्यांना घ्या असं मी म्हणणार नाही. स्कॅटर खालून आणि बाजूने येतो. आपण मॉनिटरकडे मान वळवतो तेव्हा चष्म्याच्या खालच्या फटीतून आणि कडेने तो डोळ्यापर्यंत पोचतो. काच कितीही जाड असली तरी प्रत्यक्षात डोस निम्म्यावर ते पाचव्या हिश्श्यावर येतो, त्याहून कमी नाही. बाजूच्या पट्ट्या हव्यात, गालाला टेकणारी फ्रेम हवी, आणि नंबर असेल तर नंबरचाच करून हवा. नाहीतर चार दिवसांत तो ड्रॉवरमध्ये जातो. रोज टेबलाशी असणाऱ्या स्क्रब सिस्टरला तिच्या नावाचा चष्मा घ्या. फ्लोअर सिस्टरसाठी तो पैसा ढालीकडे वळवा.

थायरॉइड कॉलरबद्दल वाद नाही. स्वस्त, हलकी, सगळ्यांना. उन्हाळ्यात मानेला पुरळ येतं म्हणून लोक ती काढतात. आत मऊ गॉझची घडी ठेवा आणि प्रत्येकीची कॉलर वेगळी, नाव घालून. दुसऱ्याच्या घामाची कॉलर कोणीच मनापासून घालत नाही.

लेड कॅपवर मात्र सध्या फार पैसे जाताना दिसतात. मेंदूच्या गाठींच्या बातम्यांनी डॉक्टर मंडळी घाबरली आणि टोपी सगळ्यांच्या डोक्यावर आली. पण किरण खालून येतात. कपाळाभोवतीचा पट्टा वरून येणाऱ्या किरणांना अडवतो, आणि ते तर येतच नाहीत. चेहऱ्यातून आणि जबड्यातून वर जाणाऱ्यांना तो काही करत नाही. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्याच २००७ च्या शिफारशींत संपूर्ण शरीराच्या धोक्यात प्रत्येक अवयवाचा वाटा किती धरायचा ते दिलं आहे: मेंदू ०.०१, थायरॉइड ०.०४, स्तन ०.१२. टोपीसाठी मागितलेले पैसे जॅकेटच्या बाह्यांना लावा.

शिशाचे हातमोजे नकोत. हात मुख्य किरणांत गेला तर मशिन 'समोर काहीतरी दाट आलं' समजून आपोआप डोस वाढवतं. पेशंटलाही जास्त, हातालाही जास्त. हात किरणांत जाऊच नये, बस.

बॅज की बीप

टीएलडी बॅज, म्हणजे मिळालेला डोस साठवून ठेवणारा बॅज, तर कायद्यानेच लागतो. भाभा अणुसंशोधन केंद्राची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून तो येतो, तीन महिने लावायचा, परत पाठवायचा, मग रिपोर्ट. आतल्या तीन चकत्यांसाठी वेगवेगळे फिल्टर असतात, त्यामुळे किरण कोणत्या शक्तीचे होते तेही कळतं. भरवशाचा आहे, फक्त बातमी उशिरा देतो. जानेवारीतली चूक एप्रिल-मे मध्ये कळते, तोवर कोणती केस होती हे कोणाला आठवणार?

त्वरित दाखवणारे इलेक्ट्रॉनिक डोसिमीटर याच्या उलट. त्याचा बॅज पडद्यावर रंगीत पट्टी दाखवतो. उशाशी गेलात की पट्टी लाल होते, दोन पावलं मागे आलात की हिरवी. शिकवायला याच्यासारखं दुसरं साधन नाही. आठवडाभर फ्लोअर सिस्टरला लावून ठेवा, ती आपोआप कुठे उभं राहायचं ते शिकते, आणि डॉक्टरांनाही दिसतं की त्यांनी पेडल दाबलं तेव्हा कोणाची पट्टी चढली. मात्र किरण तुकड्या-तुकड्यांनी, पल्सने, येतात तेव्हा काही स्वस्त पॉकेट डोसिमीटर कमी मोजतात. खरेदी करताना पल्ससाठी बनवलेला आहे का, हे विचारा. कायद्याच्या नोंदीसाठी इलेक्ट्रॉनिक डोसिमीटर चालत नाही, टीएलडीची जागा घेऊ शकत नाही.

माझा सल्ला असा: सगळ्यांना टीएलडी, आणि पूर्ण विभागासाठी एकच बीपवाला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डोसिमीटर, नव्या सिस्टरला पहिले काही आठवडे द्यायला. बजेट नसेल तर बीपवाला सोडा. पण टीएलडी नीट वापरा. छातीवर, ऍप्रनच्या आत. ड्युटी संपल्यावर ऍप्रनलाच लावून लॅबमध्ये टांगून ठेवायचा नाही, तिथे तो तुमच्याशिवायच केसेस करत राहतो. तुलनेसाठी येणारा कंट्रोल बॅज रेडिएशन नसलेल्या खोलीत. तो लॅबच्या कपाटात ठेवला तर सगळ्यांचेच आकडे खोटे. आणि 'माझा डोस जास्त दिसला तर बदली होईल' म्हणून बॅज लॉकरमध्ये ठेवून केसला जाणं हा प्रकार आपल्याकडे चालतो, हे लिहायला संकोच वाटतो, पण चालतो. भारतात मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० ची आहे. नीट वागणाऱ्या कॅथ लॅबमधल्या सिस्टरचे आकडे याच्या बरेच खाली असतात. लपवायचं काही नसतंच. टेबलाशी रोज असणाऱ्या सिस्टरला जमलं तर कॉलरवर, ऍप्रनच्या बाहेर दुसरा बॅज मागा. डोळ्यांचा अंदाज त्यावरूनच येतो.

कॅथ लॅब, ऑर्थो ओटी, ईआरसीपी: यादी तीच नाही

अनेक मध्यम हॉस्पिटलांत इन्चार्ज सिस्टर एकच आणि सी-आर्म तीन ठिकाणी. साहित्य एकच घेऊन वाटून देतात. ते नको.

ऑर्थोमध्ये फ्लुरो थोडा वेळच असतो, पण छताची ढाल नाही, टेबलाचा पडदा नाही, आणि लॅटरल व्ह्यूमध्ये ट्यूब आडवी. स्क्रब सिस्टरला पाय धरायला सांगतात. ट्यूबच्या बाजूला उभं राहू नका, डिटेक्टरच्या बाजूला जा. तिथे स्कॅटर कितीतरी कमी. इथे स्कर्ट-जॅकेट आणि कॉलर पुरतं. चष्म्यावर पैसे घालू नका.

ईआरसीपीची (तोंडातून दुर्बीण घालून एक्स-रेखाली पित्तनलिकेवर करायच्या प्रक्रियेची) खोली मात्र मी कॅथ लॅबपेक्षा वाईट मानते, आणि तिथे सगळ्यात कमी साहित्य असतं. काही ठिकाणी जुनं फ्लुरोस्कोपी टेबल वापरतात, ज्यात ट्यूब वर असते. मग स्कॅटर पायांकडे न जाता थेट डोळे-मानेच्या उंचीला येतो. वायर आणि स्टेंटची अदलाबदल करणारी एंडोस्कोपीची सिस्टर पेशंटच्या तोंडाशी, डॉक्टरांच्या खांद्याला खांदा लावून असते. म्हणजे ती सगळ्यात वाईट जागेची स्क्रब सिस्टरच. तुमच्या ईआरसीपी खोलीत ट्यूब वर आहे की खाली, हे आधी जाऊन बघा. वर असेल तर तिथल्या सिस्टरचा लेड चष्मा कॅथ लॅबच्या चष्म्याआधी घ्या, आणि ट्यूबभोवती लटकणाऱ्या शिशाच्या पट्ट्या आहेत का ते विचारा. सी-आर्म असेल तर ट्यूब खाली ठेवायला लावा, 'इमेज उलटी बसते' म्हणून कोणी वर केलेली असेल तर फिरवून घ्या.

गरोदरपण

हा निर्णय सिस्टरचा असतो. इन्चार्जने तिच्या वतीने घेऊ नये. गरोदरपण कळवल्यावर उरलेल्या महिन्यांत बाळापर्यंत १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त पोचू नये, अशी आंतरराष्ट्रीय आयोगाची शिफारस आहे. चांगलं स्कर्ट समोर ०.५ मिमीचं असतं, पोटावर वेगळा बॅज ऍप्रनच्या आत लावता येतो, आणि फ्लोअरचं काम ढालीमागून केलं तर ही मर्यादा पाळणं शक्य असतं. पण कंबरेला पाच-सहा किलो बांधून सातव्या महिन्यात उभं राहणं हे रेडिएशनपेक्षा वेगळं दुखणं आहे. काहीजणी तोवर काम करतात, काहीजणी कळल्या दिवसापासून बदली मागतात. दोन्हींना हॉस्पिटलने सारखंच वागवायला हवं, तिला 'घाबरट' म्हणायचं नाही आणि तिलाच पुढची सगळी नाइट ड्युटी लावायची नाही.

पैसे मोजके असतील तर

तीन फुल-टाइम सिस्टर, एक ब्रदर, एक कॅथ लॅब, असं गृहीत धरून माझा क्रम असा: आधी चौघांना मापाचं स्कर्ट-जॅकेट, स्त्रियांच्या जॅकेटला बाह्या, चौघांना नाव घातलेली कॉलर. मग चाकांची एक ढाल. मग स्क्रबला नेहमी असणाऱ्या दोघांना नंबरसह लेड चष्मा. पुढच्या वर्षी बीपवाला डोसिमीटर. टोपी आणि हातमोजे नाहीत. छताची ढाल मशिनसोबत आलेली नसेल तर मात्र आधी तीच मागा, स्क्रब सिस्टर आणि डॉक्टर दोघांचा फायदा होतो आणि डॉक्टरांची सही सोपी होते.

कोटेशन आल्यावर ऍप्रन प्रत्यक्ष येतील तेव्हा त्यांना नंबर टाका आणि फ्लुरोखाली एकेक ताणून बघा, कडा आणि शिलाई नीट तपासा. नवे म्हणून सोडू नका. नंतर दरवर्षी एकदा, आणि खाली पडला किंवा घडी पडली तर लगेच. तडा जातो तो पट्ट्याच्या जागी आणि खांद्याच्या दुमडीत, कारण केस संपली की ऍप्रन स्टुलावर फेकला जातो. इंडेंटच्या शेवटी म्हणून रुंद खांद्यांचे भिंतीवरचे हँगर घाला, जेवढे ऍप्रन तेवढे, लॅबच्या दाराबाहेर. चार खिळ्यांवर सगळे टांगले तर पुढच्या वर्षी परत हीच यादी लिहावी लागेल.